गणपतरावांचा जर्मन चाकू

१

खंडेनवमीच्या सकाळी साडेआठ वाजता गणपतरावांनी चोर सापडल्याचं जाहीर केलं. चोरी नेमकी कशी झाली हे त्यांना धड सांगता येत नव्हतं, पण चोर ठरला होता. आपल्याकडं बरेच तपास असेच होतात.

झालं ते इतकंच. देवघरापुढं पाट मांडला होता. घरातली हत्यारं ओळीनं लावली होती: कोयता, खुरपी, पाने, हातोडी, अगदी अडकित्तासुद्धा. मधली मानाची जागा रिकामी. ती जर्मन चाकूची. गणपतरावांनी फडकं सोडलं, चाकू मांडला, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, हात जोडले आणि मग कुठं नीट बघितलं.

दांडा तोच होता. पण गेली पन्नास वर्षं जे पातं काळंकुट्ट होतं ते आज राखाडी चमकत होतं. आणि धारेच्या जरा वर एक नागमोडी रेघ टोकापासून मुठीपर्यंत गेली होती. दोन पत्रे एकावर एक चिकटवावेत तशी.

"पातं बदललं," गणपतराव म्हणाले. "सोम्यानं माझं जर्मन पातं हाणलं आणि जोडकामाचं बोगस पातं बसवलं."

सोम्या म्हणजे सोमेश. गडहिंग्लजकडचा पोरगा, उद्यमनगरात हत्यारांचे दांडे बसवून देतो. आठवड्यापूर्वी गणपतरावांनीच चाकूचा चिरलेला दांडा दुरुस्तीला त्याच्याकडं दिला होता. त्याला बोलावणं गेलं. तो ओल्या हातानंच पळत आला.

"उद्या दसरा," गणपतराव म्हणाले. "संध्याकाळी तालमीत मी दरसाल चाकू दाखवतो, म्हाईत हाय न्हवं? उद्या तिथं माझं पातं न्हाईतर तुझं नाव. काय दाखवायचं ते तू ठरव."

सोमेशनं पाटाकडं बघितलं. त्याचा चेहरा उतरला. कारण गणपतराव खरं बोलत होते. त्यानं परत दिलं ते पातं असं नव्हतं.

२

झुंबरबाई सोमेशच्या शेजारच्या शेडमध्ये धार लावायचं दुकान चालवतात. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, दुकान विका, बाईमाणसाला चाक झेपत नाही. बाईमाणसानं तीस वर्षं चाक फिरवलं, आणि म्हणणारे आता कात्र्या घेऊन तिच्याच दारात ताटकळतात. कुठलं लोखंड कुठल्या जातीचं हे झुंबरबाई ठिणगी बघून सांगतात. डिग्र्या घेतलेले साहेब त्यांना शिकवायला येतात आणि शिकून जातात. आभार मानत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

"आक्का, मी पातं बदललं न्हाय," सोमेश म्हणाला.

"बदलून करणार काय हुतास? कांदा चिरणार?"

"तुमाला चेष्टा सुचायलीया. माझ्याकडं लोक चिठ्ठी न घेता हत्यार टाकून जात्यात. उद्या तालमीत नाव निघालं की परवापासनं कोण टाकंल? गावाकडं परत जायचं, एवढंच ऱ्हातंय."

झुंबरबाईंनी हसू आवरलं. "दिलास तवा पातं कसं हुतं?"

"काळं. तव्यासारखं. रेघबिघ काय न्हवती. दांड्याची चीर चिकटवली, पितळी कडं काढून परत घट्ट बसवलं. अष्टमीला दुपारी चाकू त्यांच्या घरी नेऊन काकींच्या हातात दिला. काका अंबाबाईच्या रांगेत हुते."

"कडं काढलंस तवा खाली काय दिसलं?"

"लाल रंग. दांडा सगळा हातानं झिजून पांढरा पडलाय, पण कड्याखाली बोटभर पट्टा तसाच हाय. लालभडक."

"मग पातं माझ्या चाकावर टेकवलं की त्ये कुठलं त्ये..." असं म्हणून झुंबरबाई वळल्या आणि थांबल्या. चाकाला झेंडूचा हार होता. चाकापुढं नारळ होता.

खंडेनवमीला हत्यार पूजेला बसलं की बसलं. दसऱ्याला उठेपर्यंत त्याला काम सांगायचं नाही, जागचं हलवायचं नाही. चाक देव झालेलं. तिकडं चाकूही देव झालेला. दोघांनाही उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

"मग कसं करायचं ओ?" सोमेशनं विचारलं.

"माणसांची तोंडं पूजेला बसत न्हाईत," झुंबरबाई म्हणाल्या आणि पायात चपला सरकवल्या. "त्यास्नी चालवू."

३

गणपतरावांकडं झुंबरबाई पाटापुढं उकिडव्या बसल्या. हात जोडलेले, डोळे पात्यावर. दहा मिनिटं हलल्या नाहीत. गणपतरावांना वाटलं, काय भक्ती आहे.

"ह्यो जर्मन कशावरनं?" झुंबरबाईंनी विचारलं.

"कशावरनं म्हंजे? आमचे वडील पिराजी इटलीत लढले. जर्मन अधिकारी शरण आला, कमरेचा खंजीर काढून वडलांच्या हातात दिला. फोटूच हाय की भिंतीवर."

फोटो खरंच होता. हार घातलेला पिराजी आणि शेजारी ताडमाड गोरा माणूस. गोऱ्याच्या अंगात सदरा-विजार एकत्र शिवलेली डांगरी. तिच्या बटणाला चामडी म्यान अडकवलेलं आणि त्यातून चाकूची मूठ वर आलेली. दोघांच्या मागं माणसापेक्षा उंच दातेरी चाक.

"अधिकारी डांगरी घालून लढत हुता व्हय?"

"लढाईत काय घावंल त्ये घालत्यात."

"आणि मागचं ह्ये चाक?"

"रणगाड्याचं असंल."

झुंबरबाई फोटोकडं बघत राहिल्या. या गल्लीत तीन पिढ्यांनी तो फोटो बघितला होता. एकालाही प्रश्न पडला नाही. चाकू परदेशी, माणूस गोरा, मग संपलं. आमची अक्कल तिथं चपला काढून बाहेर बसते.

तानाबाई चहा घेऊन आल्या. गणपतरावांची बायको, बोलायला तिखट, पण आज मान वर करेनात.

"वैनी, सोमेशनं चाकू तुमच्याकडं दिला न्हवं?"

"व्हय. फडक्यात आला, फडक्यात ठेवला. मी हात सुदीक लावला न्हाय." उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

"बोटास्नी काय झालं?"

तानाबाईंनी बोटं पदरात घेतली. नखांच्या कडा काळ्यानिळ्या होत्या, शाई सांडल्यासारख्या. "नवरात्राची भांडी ओ. पितळेचा डोंगर घासला."

"चिंचेनं?"

"मग काय साबणानं? पितळ चिंचेबिगर निघतंय व्हय?"

झुंबरबाईंनी चहा संपवला. पलीकडं गणपतरावांचा पुतण्या सम्राट मोबाईल घेऊन बसला होता. जुन्या वस्तूंचे फोटो काढून दुनियेला दाखवायचा त्याला नाद. चाकूचा विषय निघाल्यापासून तो मोबाईल पालथा घालून मांडीखाली दाबत होता. झुंबरबाई उठल्या तसा तोही उठला आणि मागच्या दारानं सटकला.

४

त्याला त्यांनी तालमीच्या कट्ट्यावर गाठलं.

"कुणाला इकलास रं?"

"न्हाय आक्का. आईशप्पत न्हाय."

"मग पळालास का?"

सम्राटनं इकडंतिकडं बघितलं. आवाज खाली आणला. "आक्का, काकांस्नी सांगू नगासा. त्यो चाकू जर्मन न्हायच. मला आठ म्हैन्यांपासनं म्हाईत हाय."

झुंबरबाई कट्ट्यावर बसल्या. "सांग."

"जुने चाकू गोळा करणाऱ्यांचा एक ग्रूप हाय, जगभरचा. तिथं फोटू टाकला. लिवलं, जर्मन अधिकाऱ्याचा खंजीर. लोक लई हसले. म्हणाले, ह्यो सैनिकाचा खंजीर न्हाय, कामगाराचा चाकू हाय. हात पात्यावर घसरू ने म्हणून असती ती अडवणी न्हाय, दांडा पिंपागत मधी फुगीर. असले चाकू उत्तरेकडं, बर्फाच्या मुलखात करत्यात. एकजण म्हणाला फिनलंड, एक म्हणाला नॉर्वे, एक म्हणाला स्वीडन. भांडायलाच लागले. शिक्का दिसल्याबिगर ठरणार न्हाय म्हणाले. आणि शिक्का काळ्याखाली गाडलेला."

"काकाला का सांगितलं न्हाईस?"

"तुमी सांगा की मग," सम्राट म्हणाला.

झुंबरबाईंनी त्याच्या मोबाईलवरचा जुना फोटो बघितला. काळं पातं. धारेवर टोकाजवळ तांदळाच्या दाण्याएवढी एक खोक. तशीच खोक त्यांनी मघाशी पाटावर, झेंडूच्या फुलाशेजारी बघितली होती. पातं तेच होतं, हे त्यांना तिथंच कळलं. पण गणपतराव म्हणणार, सोम्यानं खोकसुद्धा नकलून घातली. हट्टी माणसाला खूण दाखवून उपयोग नसतो. त्याच्या डोळ्यांदेखत काहीतरी घडावं लागतं.

"उद्या पूजा उठली की काकाला चाकू घेऊन माझ्या शेडवर आण," त्या म्हणाल्या. "भिंतीवरचा फोटूबी. काकी पायजेच. आणि काकीला म्हणावं, येताना मूठभर चिंच आणा."

"चिंच कशाला?"

"चोर पकडायला."

५

दसऱ्याला सकाळी दहा वाजता शेडमध्ये सगळे जमले. गणपतराव फेटा बांधून आले होते. सोमेश रात्रभर झोपला नव्हता, ते दिसत होतं. तानाबाई चिंचेची पुडी मुठीत आवळून दाराशी उभ्या होत्या.

झुंबरबाईंनी चाकाचा हार उतरवला, चाकाला नमस्कार केला आणि सोमेशला सांगितलं, "कडं काढ. दांडा खाली वढ."

सोमेशनं हलक्या हातानं कडं सोडवलं. दांडा खाली सरकला. दांड्यात दडलेला पात्याचा बोटभर भाग उघडा पडला. तो काळा होता. तव्यासारखा काळा. कड्याची जागा जिथं होती तिथं काळं संपत होतं आणि राखाडी सुरू होत होतं, आखल्यासारखं.

"गणपतराव, बोगस पातं नवं असंल तर ह्ये पन्नास वर्साचं काळं कुठनं आलं?"

"जुनं बोगस असंल," गणपतराव म्हणाले. माणूस सहजासहजी हरत नव्हता.

"बरं. वैनी, चिंच द्या."

तानाबाई हलल्या नाहीत.

"वैनी, पितळ घासून बोटं काळीनिळी होत न्हाईत," झुंबरबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "चिंच आणि लोखंड भेटलं की तसली शाई हुती. चार दिवस जात न्हाय. माझी बोटं तीस वर्सं तशीच हाईत."

तानाबाईंनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा सोमेशकडं. मग त्यांचा बांध फुटला. "घासला मी. व्हय, घासला. लगीन होऊन आल्यापासनं बघायलीया, सगळी हत्यारं लख्ख आणि मधी ह्ये काळं उलथनं मांडायचं. देवीला काय वाटत असंल? अष्टमीच्या रातीला चिंचेच्या पाण्यात पातेल्यात बुडवून ठेवला. सकाळी पुसून फडक्यात गुंडाळला. तुमी म्हणला हुता पाणी लावू नगं, म्हणून बोलले न्हाय. पण ती रेघ माझी न्हाय. चिंचेनं काळं जातंय, रेघ कशी यील? मला वाटलं, पोरानंच काय केलं असंल."

"तेच म्हणतोय मी," गणपतराव म्हणाले. "चिंच काय सुतार हाय व्हय, रेघ मारायला?"

झुंबरबाईंनी चिंच भिजवली, कोळ केला आणि त्या काळ्या बोटभर भागावर जाड थापला. "च्या पिऊ," त्या म्हणाल्या.

चहा झाला. गणपतराव घड्याळ बघत राहिले. अर्ध्या तासानं झुंबरबाईंनी फडक्यानं कोळ पुसला आणि पातं उजेडात धरलं.

काळं गेलं होतं. खाली राखाडी निघालं होतं. आणि त्या राखाडीवर, सगळ्यांच्या समोर, एक फिकट नागमोडी रेघ उठली होती. ती खाली उतरून मोठ्या रेघेला अशी मिळाली होती की सांधा कुठं ते कळेना.

सोमेश खाली बसला.

६

"रेघ सोमेशनं मारली न्हाय, वैनींनीबी मारली न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "ती पात्याच्या पोटातच हाय. पुरणपोळी बघा. आत पुरण, दोन्ही अंगाला पोळी. ह्यात आत कडक पोलाद आणि दोन्ही अंगाला मऊ लोखंड. पोलाद धार धरतंय, लोखंड मोडू देत न्हाय. धार पाजताना पोळी घासली जाती आणि पुरण बाहीर डोकावतंय, ती ही रेघ. काळ्याखाली ती झाकलेली. चिंच दोघास्नी येगळी चावती, म्हणून दिसाय लागली."

त्यांनी बटण दाबलं. चाक गरगरलं. मुठीत झाकला जाणारा भाग त्यांनी चाकाला नुसता टेकवला. लांब, सरळ, तांबूस ठिणग्या निघाल्या. "ही पोळी." मग धार टेकवली. ठिणग्या फुलबाजीसारख्या तडतड फुटल्या. "ह्ये पुरण."

सम्राट केव्हाचा पात्यावर वाकला होता. चिंचेनं मुठीजवळचा शिक्काही वर आणला होता. त्यानं मोबाईल लावून अक्षरं मोठी केली. "हेडबर्ग. आणि खाली, मोरा."

"मोराचं काय?" गणपतरावांनी विचारलं.

"मोरा गावाचं नाव हाय, काका. स्वीडनमधलं. चाकूंचंच गाव. त्या ग्रूपात एक म्हातारा सांगत हुता, दांड्याला लाल रंग सापडला तर मोराच धरून चाला."

सोमेशनं दांडा पुढं केला. कड्याखालचा लाल पट्टा सगळ्यांनी बघितला.

"हेडबर्ग म्हंजे करणारा," झुंबरबाई म्हणाल्या. "मोरा गाव. स्वीडन देश. आता ऱ्हायलं एकच. ह्यो कोल्लापूरला आला कसा?" त्यांनी फोटो हातात घेतला. "आरं, ह्येचा मालक तर भिंतीवर डांगरी घालून हुबा हाय. बटणाला चाकू अडकवलाय. ही कामगाराची रीत. आणि मागचं चाक रणगाड्याचं न्हाय, ऊस पिळायच्या गिरणीचं हाय. गणपतराव, तुमचे वडील साखर कारखान्यात काय हुते?"

गणपतरावांनी फोटो झुंबरबाईंच्या हातातून काढून घेतला.

"फिटर," गणपतराव म्हणाले.

"आणि ह्यो?"

"टर्बाइन बसवायला आलता. म्हणत्यात की वडलांनी त्येला भाकरी खायला शिकवलं. जाताना त्यानं चाकू दिला." गणपतरावांनी फेट्याचा शेमला खाली ओढला. "शाळेत एका पोरानं विचारलं, तुझ्या बानं काय केलंय? त्येचा बा सुभेदार हुता. मी म्हणलं, माझ्या बानं जर्मन धरला. मग सगळी शाळा ऐकाय बसली. मग गल्ली. मागं फिरायचं कसं?"

तानाबाई कपाळाला हात लावून नवऱ्याकडं बघत होत्या. त्यांनी ती गोष्ट स्वतः चारशे वेळा सांगितली होती, माहेरीसुद्धा.

"बघा," झुंबरबाई म्हणाल्या. "संध्याकाळी तालमीत दोनच गोष्टी सांगता येत्यात. एक, जर्मन चाकू सोमेशनं चोरला. दुसरी, जर्मन चाकू कदीच न्हवता. तिसरी गोष्ट न्हाय. कुठली सांगायची ते तुमी ठरवा. आमी सगळी तिथं हाय."

सोमेशनं दांडा आणि कडं परत बसवून दिलं. गणपतरावांनी चाकू फडक्यात गुंडाळला आणि निघून गेले. सोमेशला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सिद्ध होणं वेगळं आणि कुणी कबूल करणं वेगळं. आपल्याकडं पहिल्याची किंमत दुसऱ्याशिवाय शून्य.

७

संध्याकाळी तालमीसमोर अख्खी गल्ली जमली. एकमेकांना सोनं देऊन झालं. गणपतराव कट्ट्यावर चढले. पोरं नेहमीप्रमाणं पुढं सरकली, कारण जर्मन अधिकारी आता शरण येणार होता.

गणपतरावांनी चाकू वर धरला. रेघ दिव्यात चमकली.

"ह्यो चाकू जर्मन न्हाय," ते म्हणाले. "मी साठ वर्सं थाप मारली."

कुणीतरी मागं शिट्टी घातली. गणपतराव थांबले नाहीत.

"काल मी सोमेशला चोर म्हणलो. त्येबी खोटं. त्यानं दांडा असा बसवलाय की मला चीर हुडकून सापडंना. सोमेश, वर ये. मी सगळ्यांम्होरं म्हणतो, माझं चुकलं."

सोमेश वर गेला. त्याला काय करावं ते सुचेना, म्हणून तो वाकला. गणपतरावांनी त्याला मध्येच धरून छातीशी घेतलं. फेटा सुटला.

"मग चाकू कुठला?" पोरं ओरडली.

"स्वीडनचा. मोरा गावचा. हेडबर्ग नावाच्या लोहारानं केलेला," गणपतराव म्हणाले आणि त्यांचा आवाज हळूहळू चढायला लागला. "माझे वडील पिराजी, कारखान्यातले एक नंबर फिटर. स्वीडनचा इंजनेर टर्बाइन बसवाय आला. आठ दिवस झाले, टर्बाइन फिरंना. स्वीडनवाल्यानं हात टेकले. म्हणाला, पिराजी, आता तूच. वडलांनी एक पाना घेतला..."

"आरं देवा," तानाबाई म्हणाल्या.

"असूं दे की," झुंबरबाई म्हणाल्या. "ह्यात कुणी चोर न्हाय."

८

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमेशनं शटर वर केलं तर बाहेर तेराजण उभे. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात आजोबांचा अडकित्ता, एकाकडं नुसतंच म्यान. सगळ्यांना एकच पाहिजे होतं: दांडा बसव आणि शेजारच्या आक्काला विचारून सांग, ह्ये कुठल्या देशाचं. चिठ्ठी कुणी मागितली नाही. सोमेशनं मागं वळून डोळे पुसले आणि पहिला कोयता हातात घेतला.

रांगेत शेवटी कुरुंदवाडहून पहिल्या एस.टी.नं आलेली एक म्हातारी होती. तिनं पिशवीतून विळी काढली. पाट डुगडुगत होता, पातं चंद्रकोरीसारखं झिजलेलं. झुंबरबाईंनी पातं चाकाला टेकवलं, ठिणगी बघितली, शिक्का शोधून वाचला. मग म्हणाल्या, "मावशी, ही तुमच्याच गावच्या लोहाराची. पोलाद चांगलं हाय."

"परदेशी न्हाय?"

"न्हाय."

म्हातारीनं विळी परत पिशवीत घातली आणि समाधानानं मान हलवली. "बरं झालं बाई. मोडली तर तिकडं जायाला यष्टी कुठनं घावली असती?"